दहापैकी नऊ

गुरुवारी दुपारी मुलाचे टेबल पुसताना यशोदाबाईंच्या हाती एक परिचयपत्र लागले. परिचयपत्रांचे त्या घरात अप्रूप नव्हते. प्रेमराजला छत्तिसावे सरत आले होते आणि सात वर्षांत जमलेली मुलींची परिचयपत्रे यशोदाबाईंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. त्याचे झाकण आता बसत नव्हते. पण या कागदावर मुलाच्या हातचे लाल शाईतले शेरे होते. वयापुढे, ‘एकतीस. लपवलेले नाही, हे चांगले.’ वडिलांच्या शेतीपुढे, ‘सामाजिक स्थान नेमके.’ आणि वरच्या कोपऱ्यात वर्तुळात दहापैकी नऊ; शेजारी, ‘अगदी खरी वाटते.’

यशोदाबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या, आणि दहापैकी नऊ म्हणजे काय हे कळायला चौथी पुरते. मुलीचे नाव दिपमाला, गाव पाचोऱ्याजवळचे. प्रत्येक स्थळाला ‘तुले बरं वाटस तसं कर’ एवढेच म्हणणाऱ्या मुलाने अखेर कोणाला तरी लाल शाईने नऊ गुण दिले होते. तळाशी मोबाइल क्रमांक होता. त्यांनी देवाला हात जोडले आणि फोन लावला.

वस्तुतः तो गृहपाठ होता.

प्रेमराज तासिका तत्त्वावर शिकवत असे. आठवड्यातले तीन दिवस चाळीसगावला, तीन दिवस धुळ्याला. एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी कादंबरीतले कुटुंब, विवाह आणि सामाजिक वर्ग या विषयावर त्याने सहा वर्षे खर्चून प्रबंध लिहिला होता. कोणत्या जमीनदाराची मुलगी कोणाला का मिळाली नाही, हे तो पानांच्या क्रमांकांसह सांगू शके. त्याला स्वतःला मुलगी का मिळत नाही, हे सांगायला मात्र प्रबंधाची गरज नव्हती. प्रत्येक बैठकीत पोहे संपता संपता कोणीतरी विचारी, “कायम आहेत का?” आणि तो खरे सांगे.

एम. ए.च्या वर्गाला एक इंग्रजी कादंबरी मराठी अनुवादातून नेमलेली होती. खानदानी पण ओसरलेले घर, लग्नाची राहिलेली थोरली मुलगी, वडिलांचा ताठा. सव्वीस विद्यार्थ्यांपैकी ती कोणी वाचत नाही हे ध्यानात आल्यावर प्रेमराजने युक्ती काढली. खानदेशातल्या प्रत्येक मुलाला एक साहित्यप्रकार पाठ असतो, तो म्हणजे लग्नाचे परिचयपत्र. म्हणून नायिकेचे परिचयपत्र लिहून आणायचे. नावे-गावे आपल्याकडची, जमीन एकरांत, मामेकूळ आणि अपेक्षांसह. कागदावर फक्त हजेरी क्रमांक घालायचा. दोन गावांतल्या दीडशे मुलांची नावे त्याच्या लक्षात राहत नसत; मुदत मात्र राही. अकरा वर्षांत त्याने कोणालाही मुदतवाढ दिलेली नव्हती.

पंचवीस कागद बेतास बात होते. हजेरी क्रमांक सतराने मात्र कमाल केली होती. आठ एकर कोरडवाहू, त्यात तीन वाटे; मुलगी बी. एस्सी., गावच्या शाळेत सहा वर्षे बिनपगारी शिकवलेली, मग शाळेने दुसरीला घेतलेले. एकही विशेषण न वापरता सारे दुःख उभे केले होते. प्रेमराजने तो कागद नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवला आणि घरी आणला. सतरा क्रमांकाची मुलगी त्या दिवशी गैरहजर होती.

शनिवारी संध्याकाळी तो धुळ्याच्या बसमधून कंबर धरून उतरला, तेव्हा यशोदाबाईंनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता.

“भाऊ, उद्या पाचोराकडे जानं शे. पोर तुले पसंत शे, माले माहीत शे.”

पसंतीची ही बातमी त्याला नवी होती. पण आईची आशा अनेकदा अशी ठरल्यासारखी बोलत असे. कोणती मुलगी, कोणी सुचवली, हे विचारण्याचे त्राण उरले नव्हते. उत्तर सारखेच येणार असले की माणूस प्रश्न विचारेनासा होतो. त्याने दाढीचे ब्लेड बदलले आणि तो झोपला.

रविवारी गाडीने पाचोरा, तिथून रिक्षाने गाव. मुलीचे वडील रुपचंद नाना, त्यांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता, म्हणून बैठक ओसरीत मांडली होती. नाना साठीचे, बोलायला सावकाश. यशोदाबाईंनी पिशवीतून चौपदरी घडी केलेला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. “पोऱ्यानं आधीच तपासेल शे,” त्या अभिमानाने म्हणाल्या.

प्रेमराजने आपली लाल शाई ओळखली. नंतर हजेरी क्रमांक ओळखला. तोंडात पोह्यांचा घास होता, म्हणून बोलायला उशीर झाला.

नानांनी तोपर्यंत चष्मा लावून प्रत्येक शेरा बोट ठेवून वाचला होता. ते रागावतील असे प्रेमराजला वाटले. नानांनी चष्मा उतरवला.

“एकवीस जण पाहून गेले, सर. ‘नाही’ म्हणायलासुद्धा कोणाचा फोन आला नाही. लेखी कळवणारे तुम्ही पहिलेच.” मग त्यांनी संकोचाने विचारले, “हे सामाजिक स्थान नेमकं म्हणजे बरं का वाईट?”

प्रेमराजने घास गिळला आणि सारे सांगितले. हा वर्गातला स्वाध्याय आहे, नमुना म्हणून वर्गात वाचूनही दाखवला. यातली मुलगी दीडशे वर्षांपूर्वीची, इंग्लंडातली आहे. आईचा गैरसमज झाला, माफ करा. नानांनी शांतपणे ऐकून घेतले.

“त्यांच्यातही तीन वाटे होते?” त्यांनी विचारले.

याच वेळी चहाचा ट्रे घेऊन धाकटी मुलगी बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. ती हजेरी क्रमांक सतरा होती. नाव नूतन.

“सर, कादंबरी सहाशे चाळीस पानांची,” ट्रे न ठेवताच ती बोलू लागली. “लायब्ररीत प्रत एकच. ती एक नंबरपासून फिरत आली, माझा नंबर सतरावा. मी अक्काचं परिचयपत्र उतरवून दिलं. तुम्हीच म्हणाले होते, नावं-गावं आपल्याकडची घ्या.”

यशोदाबाईंना अजून एवढेच कळले होते की मुलगी खरी आहे, आणि त्यांच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. प्रेमराजला कळले ते जास्त होते. ज्या कागदाची कलाकृती म्हणून त्याने वाखाणणी केली होती, तो कोणाच्या तरी एकवीस नकारांचा कागद होता.

आतून दिपमाला आली. कडक इस्त्रीची साडी, चेहऱ्यावर बाविसाव्यांदा बसण्याचा शीण. तिने खुर्चीकडे पाहिले नाही.

“वर्गात वाचून दाखवलं म्हणे.”

“हो,” प्रेमराज म्हणाला. “मला माहीत नव्हतं.”

“सव्वीस जणांसमोर.”

“त्या दिवशी एकोणीस होते.”

आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळले. दिपमालाने नानांकडे वळून, सरांशी दोन मिनिटे बोलायचे आहे, असे सांगितले. नानांनी कागद तिच्या हातात दिला. दोघे ओट्यावर जाऊन उभे राहिले. पोत्यावर एक मांजर निजले होते. दोघांनीही आधी त्याच्याकडे पाहून घेतले.

“मी कायम नाही,” प्रेमराजने नेहमीचे काम उरकून टाकले. “होईन असंही नाही.”

“नूतन सांगते ते. सर तीन दिवस धुळ्याला असतात म्हणून.” ती कागद पाहत होती. “एक मार्क कशाला कापला?”

त्याने बोट दाखवले. अपेक्षांच्या रकान्यात लिहिले होते, ‘नोकरी कायम नसली तरी चालेल. घरात बोलणारा असावा.’ त्याखाली लाल रेघ होती आणि त्याचा शेरा होता, ‘अवास्तव. असे कोणी लिहीत नाही. हा भाग पुन्हा लिहून आठ दिवसांत जमा करावा.’ लिहिताना तो शेरा त्याला अत्यंत समतोल वाटला होता. आता इतक्या जवळून वाचताना त्याच्या छातीत काहीतरी हलले.

“ती ओळ नूतनची,” दिपमाला म्हणाली. “पोरीनं तेवढी पदरची घातली. नानांच्या कागदावर आहे, ‘कायम नोकरी, शक्यतो अनुदानित.’”

“म्हणजे मार्क बरोबरच कापला,” तो म्हणाला. छातीतले जे हलले होते ते जागेवर बसले. निदान परीक्षक म्हणून तो चुकला नव्हता.

“बरोबर कापला.”

तो ओसरीकडे वळला. रिक्षा केव्हा मिळेल, गाडी किती वाजता आहे, याचा हिशेब त्याच्या मनात सुरूही झाला होता.

“पण पुन्हा कोणी लिहायचं?” मागून तिने विचारले.

“ज्यानं लिहिलं, त्यानं.”

“नाना लिहितात, नूतन लिहिते.” ती घडी घालत होती, पण कागद त्याला देत नव्हती. “माझ्या अपेक्षा मला कोणी विचारल्या नाहीत, सर. मीही बसून कधी विचार केला नाही. कायमवाला पाहिजे का बोलणारा, मला खरंच माहीत नाही.” तिने कागद मुठीत धरला. “हा राहू द्या माझ्याकडे.”

पाचोऱ्याच्या फलाटावर गाडीला चाळीस मिनिटे उशीर होता. यशोदाबाईंनी नानांकडून मिळालेली वांग्यांची पिशवी पायाशी ठेवली आणि बराच वेळ धीर धरला.

“काय म्हने पोर?”

“कागद ठेवून घेतला तिनं,” प्रेमराज म्हणाला. “पुन्हा लिहून जमा करणार आहे. आठ दिवस दिलेत.”

यशोदाबाईंनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि रुळांच्या टोकाकडे पाहत विचार केला.

“लागनात तर दोन दिन जास्ती दे तिले,” त्या म्हणाल्या.