ठकीच्या घराचं लाइट फिटिंग

एका जंगलात, कुठल्या ते विचारायचं नाय पोरांनो, झुमकी नावाची खार राहायची. तिच्या बाहुलीचं नाव ठकी. ठकीला पुठ्ठ्याचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंती एवढ्या पातळ, की हॉलमध्ये कुणी शिंकलं तर बेडरूमचा रंग उडायचा.

ठकीचं लग्न जमत आलेलं. नवरदेव म्हणजे मुंगूसकाकूंचा बाहुला. काकूंनी तोंडावर सांगितलं, "घरात लाइट नसेल तर सोयरीक मोडली समज. दुपारी बघायला येते."

 झुमकीनं पळत जाऊन वायरमनला आणलं. वायरमन कोण? साळिंदरदादा. कानामागे टेस्टर, चाल एकदम इंजिनियरची.

"दादा, भिंत पातळ आहे हां."

"ए पोरी, मी वारुळात फिटिंग केलंय. मला शिकवते?"

दादाकडे ड्रिल-बिल काय नव्हतं. भिंतीकडे पाठ करायची, एक काटा ताठ करायचा आणि मागं सरकायचं. झाडाच्या खोडात काटा रुतला की दादा थांबायचा. पुठ्ठ्यात कोण थांबवणार? दादा सगळ्या काट्यांसकट घुसला.

"अहो, चाळण केली भिंतीची!" झुमकी किंचाळली.

"एकाच भिंतीला भोकं वाईट दिसतात," दादा म्हणाला. आणि बाकीच्या भिंतींनाही पाठ लावली. मग छपराला.

आता वायर ठोकायला जागाच उरली नाय. झुमकी रडकुंडीला आली. तेवढ्यात काकू हजर. त्यांनी दारातून डोकं आत घातलं. बाहेर टळटळीत ऊन, आत भिंतीभर चमचम. ठकीच्या नाकावरसुद्धा एक ठिपका.

"अगंबाई! एवढे लाइट? आणि बटण कुठाय?"

"बटणं आता कोण लावतं काकू?" दादा म्हणाला. "ऑटोमॅटिक आहे. सकाळी आपोआप लागतात."

"आणि रात्री?"

"आपोआप बंद. बिल वाचतं."

झुमकी खरं सांगायला तोंड उघडणार, तर दादानं तिच्या शेपटीवर पाय दिला.

"माहितीय मला," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "माझ्या माहेरी असंच आहे. सोयरीक पक्की!"

निघताना त्या वळल्या. "दादा, उद्या आमच्या बिळात पण हेच करून द्या. फार अंधार असतो."

दादानं काटे झटकले.

"येतो की. फक्त उन्हाचं तेवढं तुम्ही बघा काकू. मटेरियल पार्टीनंच आणायचं असतं."

तात्पर्य : पोरांनो, काम नीट करायला शिकू नका, त्यात उगाच वर्षं जातात. बिघडलेल्या कामाला झकास नाव द्यायला शिका.