‘येतो’ म्हणून गेलेला योद्धा

“टेबलावर बोललेलं ते घडलं, असं समज. मग ते थट्टेत बोललेलं असो, की तोंडात घास असताना. शब्द सुटला की त्याच्या मागे जायचं आणि तो कुणाच्या अंगणात पडला ते बघायचं. सूत्रधाराचं काम एवढंच.”

हा खेळ शिकवताना वहिनींच्या मामांनी त्यांना असं बजावलं होतं. कृतीला परिणाम असतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. फक्त त्याच्या अंमलबजावणीला मनुष्यबळ अपुरं पडतं. वहिनी नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर बसत, त्यामुळे त्यांना हे आतून ठाऊक होतं. (खिडकीचं काम उत्तम चाले. आलेली प्रत्येक तक्रार अदबीने स्वीकारली जाई. त्यापुढचं काही त्या खिडकीच्या अखत्यारीत येत नसे.) म्हणून रविवार दुपारी जेवणाच्या टेबलावर परिणामांची जबाबदारी त्यांनी एकटीने उचलली होती, आणि एखादा नेम पाळावा तशी त्या ती पाळत. आठवड्यातले तेवढेच काही तास जगात बोलल्याप्रमाणे घडत असे.

खेळ सोपा आहे. तिघांनी आपण कोणी तरी वीर आहोत असं मानून काय करतो ते सांगायचं. त्यावर जग काय करतं, ते सूत्रधाराने सांगायचं. शंका आली की फासा टाकायचा. वहिनींचे धाकटे दीर, भाऊजी, दातांचे डॉक्टर. खेळात ते महाबली योद्धा. वन्सं शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या चेटकीण झाल्या होत्या. (वेशांतराची गरज पडली नाही.) शेजारचे वकील चोर होते. सवयीचं असलेलं बरं.

मागे एकदा या तिघांना एका म्हाताऱ्या नावाडणीने नदीपार सोडलं. उतरताना भाऊजी बोलून गेले, “येतो हं, आजी.”

“येतो म्हणालात?” वहिनींनी हळूच विचारलं.

“हो. म्हणजे, निघालो.”

वहिनींनी खेळ पुढे नेला. म्हातारी मात्र नाव बांधून घाटावरच बसली. पोरगा येतो म्हणून गेलाय. दुसऱ्या कुणाला घेऊन गेले आणि नेमका तेव्हाच आला तर? नाव थांबली म्हणून मीठ पलीकडून येईना. मीठ नाही म्हणून कातडी कमावता येईनात. कातडं नाही म्हणून जोडे नाहीत. जोडे नाहीत म्हणून राजाची फौज अर्ध्या वाटेत काटे काढत बसली, आणि तिघा वीरांनी प्राण पणाला लावून जिंकलेला किल्ला ताब्यात घ्यायला कुणी आलंच नाही. शेवटी शत्रूच परत आला, दार उघडून आत गेला आणि झोपला.

वीर खवळले.

“वहिनी, स्पष्ट सांगतो,” भाऊजी म्हणाले. “एक तर ती घाटावरून उठेल, नाही तर आम्ही या टेबलावरून उठू. मग बसा एकट्याच फासे खुळखुळवत.”

“आपल्या भाषेत ‘येतो’ म्हणजेच ‘जातो’,” वकिलांनी पुस्ती जोडली. “तसा शिरस्ता आहे.”

“तिला कुठला शिरस्ता, वकीलसाहेब? जन्म घाटावर गेला. तिच्या नावेतून जो पलीकडे जातो, त्याला परत यायला दुसरी वाटच नसते.”

मुद्दा बिनतोड होता. वहिनींच्याच पाहणीनुसार ‘येतो’ म्हणून निघालेल्या शंभरांपैकी प्रत्यक्षात अकरा जण परत येतात, आणि त्यांतले सात छत्री विसरलेले असतात. पण या टेबलावर टक्केवारी चालत नसे.

मग वीरांनी कायदेशीर उपाय योजले. प्रथम योद्ध्याचा मुखत्यार पाठवला. म्हातारीने त्याचा चेहरा निरखला, पाणी दिलं आणि परत पाठवला. मग वन्संनी विस्मरणाचा मंत्र टाकला (पालकसभेत तो कायम लागू पडे). म्हातारी स्वतःचं नाव विसरली, गाव विसरली. पोरगा येणार आहे, एवढं राहिलं. शेवटी वकिलांनी सुचवलं की तिचं वयही झालेलं आहे, तेव्हा निसर्गाला थोडा वाव द्यावा. फासा टाकला. सर्वांत मोठा आकडा पडला. म्हातारीचा जुना खोकलासुद्धा बरा झाला.

“शेवटचं विचारतो,” भाऊजी खुर्ची मागे सरकवत म्हणाले. “काय करतेय ती आता?”

‘उठली’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रविवार वाचला असता. शब्द वहिनींच्या ओठांवर आलाही. त्यांनी तो गिळला.

“नावेतली फळी पुसतेय,” त्या म्हणाल्या. “रोज संध्याकाळी पुसते. तुम्ही ओल्यात बसू नये म्हणून.”

“हा भावनिक दबाव आहे! माझी हरकत...”

“गप्प बसा हो,” वन्सं म्हणाल्या.

भाऊजींनी फासा मुठीत घेतला. मग तो त्यांनी टेबलावर ठेवला, टाकला नाही.

“कॉलेजात असताना ज्या काकूंकडे राहायचो ना, वहिनी... खोली सोडताना त्यांनाही मी हेच म्हणालो होतो.”

ते उठले. चपला घातल्या. दारातून म्हणाले, “म्हातारीला सांगा, वाटेत एक काम आहे. उशीर होईल. पण निघालोय.”

“सांगते,” वहिनी म्हणाल्या.

भाऊजी जिना उतरून गेले. वकिलांनी पुढची पाळी कुणाची, अशी पृच्छा केली.

वाचकांनी मात्र अस्वस्थ व्हायचं कारण नाही. भाऊजींच्या मागे सूत्रधार होता. तुमच्या मागे कुणी नाही. तुम्ही जिला ‘येतो’ म्हणून आलात, ती खरीखुरी असल्याने तिच्यावाचून कुणाचं काही अडणार नाही, फौज थांबणार नाही, चौकशीही होणार नाही. निवांत बसा.

तीही बसलीच आहे.