माणिककाकांची दुसरी सभा

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तर दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक पास्टरांची, ती सोपी. दुसरी माणिककाकांची. आम्ही पेंटेकॉस्टल, आमच्यात शिंपडाशिंपडी चालत नाही, अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. काका शेततळ्याच्या काठावर धोतर खोचून उकिडवे बसतात आणि कुणाचं नखसुद्धा वर राहत नाही ना, ते बघतात.

भजीवाल्या रावसाहेबांचा देह ऐसपैस. पास्टरांनी त्यांना पाण्यात आडवं केलं की डोकं खाली आणि पाय वर.

"अंगठा वर! बाद!" काठावरून आरोळी आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पोट वर आलं.

"काका, अंगठ्यानं काय पाप केलं?" नाकातोंडातलं पाणी काढत रावसाहेबांनी विचारलं.

"बाकीचा माणूस नवा झाला अन् अंगठा जुनाच राहिला, तर तोच तुला परत गुत्त्यावर नेईल!" असं म्हणून काका स्वतः तळ्यात उतरले आणि दोन्ही पाय धरून बसले. तेव्हा कुठे रावसाहेब पास झाले.

काकांच्या चार शेळ्या आहेत, आणि बायबल जवळजवळ तोंडपाठ आहे. "वचनात दाखव," म्हणजे बायबलात कुठं लिहिलंय ते दाखव, हे त्यांचं पालुपद. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात खुर्च्या आल्या. "वचनात दाखव." पंखा आला. "वचनात दाखव." मग त्यांनी आपली चटई पंख्यापासून लांब टाकली. मे महिन्यात ती दर रविवारी हातभर सरकत पंख्याखाली आली, पण त्याबद्दल कुणी वचन मागितलं नाही.

अशात नव्या दमाचे पास्टर आले. बरोबर कीबोर्ड, हा मोठा साउंडबॉक्स आणि भिंतीवर गाण्याचे शब्द दाखवणारं यंत्र. गाताना ते उड्या मारत. काकांनी पहिल्याच रविवारी हात वर केला.

पास्टर तयारीत होते. "काका, बायबलातल्या स्तोत्रात डफ आहे, नाचसुद्धा आहे."

"कीबोर्ड हाय का?"

"अहो, शिकवण म्हणजे पाणी आणि पद्धत म्हणजे भांडं. भांडं बदललं म्हणून पाणी बदलतं का?"

"रॉकेलच्या डब्यातलं पाणी एकबार पिऊन पाहा, मंग सांगा."

सभा खो खो हसली. पास्टरही हसले. पण कीबोर्ड राहिला, आणि काकाही राहिले.

खरी ठिणगी पडली ती रविवारची प्रार्थनासभा फोनवरून लाइव्ह दाखवायचं ठरलं तेव्हा. फाट्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणून काम माझ्याकडे आलं. निदान याला तरी काका हो म्हणतील, अशी सगळ्यांची खात्री होती. कारण त्यांच्या पत्नी सोजरकाकी लकव्यानं दोन वर्षं खाटेवर आहेत. त्यांना घरबसल्या सभा दिसली असती.

काका उठून उभे राहिले. "ज्या दिवशी फोन लागंल, त्या दिवशी मी माझी चटई उचलीन."

या वेळी कुणी हसलं नाही. फोन लावणं लांबणीवर पडलं. म्हातारा हट्टापायी बायकोला सभेपासून तोडतोय, असं लोक बोलू लागले. मलाही राग आला. पुढच्या रविवारी मी गुपचूप अख्खी सभा फोनमध्ये भरून घेतली आणि दुपारी काकांच्या घरी गेलो. काका शेळ्या घेऊन गेले असतील, तेवढ्यात काकींना दाखवू, असा बेत होता.

शेळ्या दारातच बांधलेल्या होत्या. आतून ढमढम आवाज येत होता. डोकावलो तर काका खाटेसमोर पत्र्याच्या डब्यावर दहा बोटांनी कीबोर्ड वाजवत होते!

"अन् मंग पास्टर असे उडाले," म्हणत काकांनी उडी मारली. धोतर सुटायला आलं. लगेच खाली बसून ते स्वतः माणिककाका झाले, "मी म्हणलो, वचनात दाखव!" मग नाकातून रावसाहेबांची साक्ष झाली, देवानं गुत्ता कसा सोडवला त्याची. काकी अर्ध्या ओठांनी हसत होत्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी येत होतं.

मला बघताच काका चोर सापडावा तसे बाहेर आले. माझ्या हातातला फोन त्यांना दिसला.

"सगळी सभा हाय का त्यात?"

"हाय, काका. काकीसाठी आणली."

ते बराच वेळ शेळीची पाठ खाजवत राहिले. "दर रविवारी ती दाराकडं डोळे लावून बसती, मी कवा येतो म्हणून. फोनात समदं दिसलं, तर माझी वाट काहून बघंल ती?"

"पुसून टाकतो, काका," मी म्हणालो.

"थांब, लगेच नको पुसू. त्या नव्या गाण्याचं दुसरं कडवं मला याद राहून न्हाई राहिलं. ती सारखी इचारती. आवाज बारीक ठेव, तिला ऐकू जाईल."

लिंबाखाली आम्ही ते कडवं तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा काकांच्या पायाचा अंगठा तालावर वर-खाली होत होता.

तेवढ्यात आतून काकींची बोबडी हाक आली, "आवो, पुढं काय झालं?"

"आलो, आलो!" म्हणत काका धोतर सावरत आत पळाले.