बिनवासाची तुळस

यंदा काल्याच्या कीर्तनाला प्रत्येकाच्या हातात तुळशीचं रोप पडणार आणि ते आपल्याच अंगणातलं असणार, हे ज्ञानबानं पावसाळ्याच्या तोंडालाच डोंगरकडा गावभर सांगून टाकलं होतं. गावात त्याच्याइतकी कीर्तनं कुणी ऐकली नव्हती. पण भरल्या मांडवात एकाही महाराजांनी अजून त्याचं नाव घेतलं नव्हतं. तेवढी एकच आस उरली होती.

पाऊस पडला आणि तुळशी-वृंदावनाभोवती रोपंच रोपं उगवली. ज्ञानबानं त्यांना शेणखत घातलं, शेळ्यांच्या भीतीनं काट्यांचं कुंपण केलं आणि जाता-येता वाकून नमस्कार सुरू केला.

त्याच्या बायकोला, चांगुणाबाईला, मात्र शंका होती. तुळशीची काडी चिमटीत चौकोनी लागते, ही गोल लागत होती.

“अवो, एकडाव हुंगून तर बघा.”

“देवाला वाहायचं कुणी हुंगतं का? उष्टं व्हतंय ते.”

हा नियम लग्नानंतर तिनंच त्याला शिकवला होता.

काल्याच्या दिवशी ज्ञानबानं रोपं मुळासकट उपटली, मुळ्या धुतल्या, टोपली डोक्यावर घेतली. मागोमाग गल्लीतली मांजरं निघाली. आज दहीहंडी हाय, वास लागला असंल, असं त्यानं स्वतःलाच समजावलं. मांडवात पोचेस्तोवर गावातली उरलेली मांजरंही सामील झाली.

रोपं वाटली गेली. प्रसाद कुणी तपासून घेत नाही. कीर्तन रंगात आलं आणि महाराजांनी भरल्या मांडवात ज्ञानबाचं नाव घेतलं. ज्ञानबाला हुंदका आवरेना.

मग हंडी फुटली. दही भुईवर सांडलं, पण एकाही मांजरानं तिकडं ढुंकून पाहिलं नाही. ती रोपांच्या मुळ्यांना गाल घासत लोळत होती. एक बोका तर वीणेकऱ्याच्या पावलावर आडवा पडून लाळ गाळत होता. सप्त्याची वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणून वीणेकरी तसाच उभा राहिला.

महाराजांनी हातातलं रोप कपाळाला लावलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग ज्ञानबाला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “माउली, ही खोकली हाय. उकिरड्यावरचं तण. हिच्या मुळीपायी मांजरं येडी व्हतात.”

“मग आता?”

“आता तुमचं नाव घेऊन झालंय. लोकं घरी लावतील ती बी सांडायच्या आत उपटून काढा. न्हाईतर पुढल्या सालचा सप्ता तिचाच.”

ज्ञानबा धीर करून निघेपर्यंत गावानं रोपं घरोघरी लावलीसुद्धा होती. शेजारच्या शकुंतलाबाईंनी तर जुनी तुळस डब्यात हलवून नव्या रोपाला वृंदावन मोकळं करून दिलं होतं. ज्ञानबा सांगायला गेला, तर सगळ्या घरांचं म्हणणं एकच पडलं: प्रसादाला खुरपं आमी लावणार न्हाई, पाप लागायचं ते तुमालाच लागू द्या.

मग पावसाची उघडीप पाहून, माती ओली आहे तोवर, ज्ञानबा दारोदार खोकली उपटत फिरला. तो पुढं खुरपं घेऊन, मागं मांजरं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दिंडीच निघालीय.

घरी आला तेव्हा चांगुणाबाई वृंदावनापाशी उभी होती. तिनं खऱ्या तुळशीचं पान खुडून त्याच्या नाकाशी धरलं.

“हुंगा आता. देवाला काय सांगायचं ते मी सांगते.”

ज्ञानबानं डोळे मिटून जोरात श्वास घेतला. त्याला काहीच कळलं नाही. मांजरांच्या केसांनी त्याचं नाक केव्हाच चोंदलं होतं.