सध्या बाबा कोण आहे?

संध्याकाळी हिंजवडीहून घरी पोचले की मी लगेच बेल वाजवत नाही. दाराला कान लावून आधी अंदाज घेते. आत कोण आहे ते कळायला नको?

परवापरवापर्यंत आमचं दार एक निवृत्त फौजदार उघडायचे. कमरेवर हात, मान तिरकी. "कुठून येणं झालं? उशिराचं कारण?" त्यांच्याआधी एक खानावळवाले होते. ते मला "या ताई, हात धुऊन घ्या" म्हणून आत घ्यायचे आणि मी नको म्हणेपर्यंत ताटात भात पडलेला असायचा. त्यांच्याही आधी एक पैलवान होते. त्यांनी दार इतक्या जोरात उघडलं की बिजागरीच निखळली.

घाबरू नका. हे सगळे म्हणजे माझा एकुलता एक नवरा, विलास.

विलास घरी बसून लोकांची आत्मचरित्रं लिहितो. म्हणजे आयुष्य जगणार ते, लिहिणार हा आणि पुस्तकावर नाव पुन्हा त्यांचंच. तो आधी त्या माणसाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणतो. मग कानात हेडफोन घालून कोळवणच्या भातखाचरांच्या बांधांवरून तेच ऐकत फिरतो. आठवड्याभरात त्याचं चालणं, खाकरणं, चहा पिणं सगळं त्या माणसाचं होतं. "माणूस आधी अंगात मुरला पाहिजे, लोणच्यासारखा," असं त्याचं म्हणणं. मुरतो त्याच्या अंगात, तोंडं आंबट होतात आमची!

कोपऱ्यावर शब्बीरभाईंचं किराणा दुकान आहे. ते आणि विलास इथल्याच शाळेत एका बाकावर बसायचे. मी दुकानात गेले की शब्बीरभाई पहिला प्रश्न हाच विचारतात. "वहिनी, इलासच्या अंगात सध्या कुनाचं वारं हाय? सकाळी आला आन् माजा वजनकाटा तपासून गेला. म्या आपला उभा राहून सलाम ठोकला. काय करता!"

आमच्या मुलांनी मात्र या वाऱ्यावर आपली शिडं बरोबर लावून घेतली होती. सई बारावी झालेली, ओम नववीत. बाबाकडे काही मागायचं असलं की आधी दोघांत खलबत व्हायचं. "सध्या बाबा कोण आहे?" खानावळवाल्यांच्या राज्यात ओमनं सायकल, बूट आणि मित्रांसोबत धरणावर जायची परवानगी, सगळं एका दमात पदरात पाडून घेतलं. खानावळवाल्यांना नाही म्हणणं माहीतच नव्हतं. पैलवानांच्या काळात त्यानं गणिताचा पेपर दाखवला. तो पेपर दाखवायला दुसरा कुठला काळ सोयीचा नव्हता. पैलवानांनी त्याच्या पाठीत एक थाप मारली आणि म्हणाले, "एक कुस्ती गेली म्हणून काय लंगोट खुंटीला टांगायचा? उठ! जोर काढ!" पोरगं दोन दिवस पाठ चोळत होतं, पण बोलणी वाचली.

फौजदारांच्या काळात सगळ्यांचेच हाल झाले. दोनच दिवसांत चिवड्याचा डबा अर्धा झाला, तर स्वयंपाकघरात पंचनामा! ओमचा जबाब, सईचा जबाब, कुत्र्याचीसुद्धा उलटतपासणी. चिवडा मी खाल्ला होता. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आमच्या लग्नाचा वाढदिवसही नेमका त्यातच आला. मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले, तर मला आपादमस्तक न्याहाळून म्हणतो, "वर्तणूक समाधानकारक." साडी तशीच घडी करून ठेवावीशी वाटली मला.

याच दिवसांत सईला कोचीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मासेमारीचं शास्त्र शिकायला. मुळशीच्या धरणाकाठी लहानपणापासून कोळ्यांच्या जाळ्यांत डोकं घालून बसणारी पोरगी, ती दुसरं काय शिकणार? मी हो म्हटलं होतं. फक्त म्हटलं, "बाबाला तू स्वतः विचार." कॉलेजला शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

"वेडी आहेस का? फौजदारांना विचारून कोचीला जाणारेस?" ओम म्हणाला. "थांब जरा. पुढचं पुस्तक नाटकवाल्या आजींचं आहे."

या आजी फिरत्या नाटक कंपनीत काम करायच्या. ऐन सोळाव्या वर्षी घर सोडून पळाल्या होत्या. याहून चांगला मुहूर्त कुठला? सई थांबली. बुधवारी विलास खांद्यावर माझी शाल घेऊन ओसरीत बसला आणि हात हवेत फिरवून "चहा आणता का गं, बायांनो?" म्हणाला. ओमनं सईला कोपरानं ढोसलं.

तिनं सगळं सांगितलं. कॉलेज, कोची, चार वर्षं.

विलास ताडकन उठला. शाल सावरली. "जा पोरी, जा! मागे वळून बघू नकोस! उंबऱ्याला घाबरणाऱ्या बाईला रंगभूमी कधी..." वगैरे वगैरे. फार सुंदर बोलला. ओमनं तर शिट्टीच मारली. मीही म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

सई मात्र जागची हलली नाही.

"बाबा, हे त्या आजींनी सांगितलं," ती म्हणाली. "तू काय म्हणतोस?"

विलासनं मान तिरकी केली. "या प्रकरणाचा सर्व बाजूंनी विचार करून..."

"फौजदार नकोत."

"आधी दोन घास खाऊन घे बरं..."

"तेपण नकोत. मला तू हवायस."

विलासनं शाल काढून खुर्चीवर ठेवली. चपला घातल्या आणि बांधाकडे निघून गेला.

मग घरात जी शांतता पसरली ती मला आजवर ठाऊक नव्हती. गुरुवारी दार उघडलं ते नुसत्या विलासनं. "आलीस?" एवढंच. जेवताना "हं." मीठ कमी होतं तरी "हं." ओम माझ्यामागे येऊन कुजबुजला, "आई, बाबा कोणीच नाहीये गं." शुक्रवारी शब्बीरभाईंनी मला हटकलं. "वहिनी, इलासला बरं न्हाई का? काल आला, साखर मागितली आन् घेऊन गेला!" त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. मी सकाळी सातच्या कॅबनं जाते. मुलं शाळा-क्लासला पौडला जातात. दिवसभर या घरात तो एकटा. घर भरलेलं वाटावं म्हणून तो माणसं आणत होता आणि मी आपली त्याला नाटकी म्हणून चिडवत होते. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी मी पोहे केले. सईनं फोन समोर ठेवला होता, कॉलेजला कळवायचा शेवटचा दिवस. विलास ताटलीतले दाणे बाजूला सारत बसला होता. मग खाली बघूनच बोलायला लागला. आवाज त्याचाच, थोडा घोगरा. वापरात नसल्यामुळे असेल.

"सातवीनंतर मी पुण्याला काकांकडे शिकायला गेलो. आप्पांनी, तुझ्या आजोबांनी, मला इथूनच एसटीत बसवलं. बोलले काहीच नाहीत. गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागले. मला कितीतरी वर्षं वाटायचं, मी गेल्याचं त्यांना काही वाटलंच नाही. विचारायचं राहिलं. मग ते गेले."

ओमचा चमचा हातातच राहिला.

"मला वाटतंय, सई. लई वाटतंय. मला तू जायला नको आहेस. दुपारी तुझी स्कूटर वाजली की मी लिहायचा थांबतो. ती वाजणार नाही म्हटल्यावर काय करायचं, मला माहीत नाही. हे तुला कळलेलं असू दे. कळलं ना?"

सईनं मान हलवली. तिचं नाक लाल झालं होतं.

"आता त्यांना हो म्हणून कळव."

"मला पण नाही करमणार, बाबा," ती म्हणाली आणि खुर्ची सरकवून त्याला अशी बिलगली की पोह्यांची ताटली खाली. कुत्र्याची चंगळ झाली. ओम "शी, काय हे!" म्हणत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

सईनं तिथंच बसून कॉलेजला कळवलं. विलासनं बाहीनं डोळे पुसले, माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली आणि तिला म्हणाला, "पोचलीस की पहिला फोन मला करायचा. आईला नंतर."

एरवी मी यावरून कडाकडा भांडले असते. त्या दिवशी म्हटलं, करू दे.