गुप्तेबाईंच्या खारी

आमच्या शेजारच्या गुप्तेबाई नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. "तुमच्याकडच्या खारीच्या पाठीवर पट्टे किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माझे नगरचे व्याही चप्पल काढत होते तेवढ्यात त्यांनी गाठलं. व्याही गांगरून म्हणाले, "पाच… असतील." "असतील नको. मोजून कळवा!"

कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचं म्हणणं असं, की कोकण कुठे संपतं नि देश कुठे लागतो हे तलाठ्याला नव्हे, जनावरांना विचारावं. शेकरू घाटातली दाट झाडी सोडत नाही, काळवीट पठार सोडत नाही. ओल्या रानातली खार तीन पट्ट्यांची, कोरड्या मुलखातली पाच. एक संपून दुसरं लागतं, तिथे सीमा.

परवा माझ्याबरोबर घाटाखालच्या चौक गावी धाब्यावर मिसळ खाताना बाई एकदम उठून चिंचेखाली गेल्या. दुर्बीण लावली. परत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने.

"पाच आहेत हो. इथे, खाली. इतकी वर्षं घाट धुंडाळला, दारातली खार कधी मोजली नाही. म्हणजे सखू खरं बोलत होती."

सखू त्यांची नोकरीच्या पहिल्या वर्षांतली, सातवीतली विद्यार्थिनी, ठाकर आदिवासींची. पाच पट्टे फक्त देशावर, असं बाईंनी शिकवल्यावर ती उठून म्हणाली होती, "आमच्या वाडीत पन हाय पाचवाली." बाईंनी तिला खोटारडी म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. पुढच्या आठवड्यापासून ती शाळेत आलीच नाही.

विचारत विचारत आम्ही ठाकुरवाडीच्या वरच्या वस्तीवर पोचलो. सखू आता आजी झालेली. ओसरीवर करवंदं निवडत होती.

बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सखू, तुझं बरोबर होतं. मी चुकले गं. माझ्यामुळे तुझी शाळा सुटली."

सखूला काही आठवेना. "खार? नाय बाई. आयला बाळ झालं, म्हून मला घरी ठेवली. तुमचं काय त्यात?"

मला वाटलं, बाईंना हायसं वाटेल. त्या मात्र तिच्याशेजारी ओसरीवर टेकल्या.

"मग मी तुला बोलवायला का नाही आले?"

सखू आत गेली. कोरा चहा घेऊन आली.

"मी वाट बगितली व्हती, बाई," ती हसून म्हणाली. "थोडे दिस."