समुद्रात कोणीच नाही

भाजीबाजारात अनोळखी बाईला थांबवून "ताई, तुमचा पदर जरा उन्हात धरता का?" असं विचारणारा माणूस तुमच्या शेजारी राहत असेल आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्याच्याबरोबर कोथिंबीर घेत उभ्या असाल, तर काय करायचं याची माझी आता पद्धत ठरली आहे. पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, जरा मागे सरायचं आणि वांग्यांकडे बघत राहायचं. वांगी कोणाला ओळख दाखवत नाहीत.

त्या बाईचा पदर हिरवट निळा होता. नानांनी खिशातून रंग लावलेली पुठ्ठ्याची पट्टी काढली, पदराशेजारी धरली आणि मान तिरकी करून म्हणाले, "जवळजवळ हाच. पण थोडा अजून मोर पाहिजे."

बाईचा जावई पुढे आला. "काय काम शे बाबा?"

"समुद्राचं," नाना म्हणाले.

मग मला वांग्यांमधून बाहेर यावं लागलं. "आमचे शेजारी आहेत, रिटायर झालेत, चित्र काढतात," असं मी एका दमात सांगितलं.

"मंग कागदवर काढा ना भो, पदर कसाले देखतस?" जावई म्हणाला आणि आसपासचे सगळे भाजीवाले हसले. माझे कान तापले. नाना मात्र पट्टीवर पेन्सिलीने खूण करत होते.

नाना देवपुरात आमच्या शेजारच्या बंगल्यात राहतात. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी पाटाच्या कडेने मोटरसायकल चालवण्यात आणि पाण्यात खुणेची काठी रोवून पातळी बघण्यात गेली. शेतकऱ्यांचे जबाब घेऊन घेऊन त्यांच्या जिभेवर दोन शब्द कायमचे बसले आहेत, "मोघम नको." चहा छान झालाय म्हणा, "मोघम नको. आलं आवडलं की साखर?" सासूबाई बऱ्या आहेत म्हणा, "मोघम नको. भाकरी किती खाल्ली?" मला हे खरं तर आवडायला हवं. मीसुद्धा याद्या करणारी बाई आहे, कॉलेजच्या ऑफिसात काम करते, फ्रीजवर यादी नसेल तर मला दूध आणायचं सुचत नाही. पण माझ्या याद्या घरात राहतात. नानांचं सगळं रस्त्यावर चालतं.

समुद्राचं हे प्रकरण आमच्या कॉलनीच्या अंदमानच्या सहलीपासून सुरू झालं. सहल मीच आखली होती. तिकिटं, औषधं, कोणाला खिडकी, कोणाला बिनकांद्याचं, सगळं लिहिलेलं होतं. एका बेटावर असा समुद्र समोर आला की बोरसे भाऊंसारखा बोलका माणूसही गप्प झाला. सगळे पाण्याकडे धावणार, तेवढ्यात नेहमीचा प्रश्न उभा राहिला. सामानाजवळ कोण? मी विचारण्याआधीच नाना म्हणाले, "ही बसेल. हिला पाण्याची भीती वाटते."

ही म्हणजे अक्का, नानांची बायको. अक्का वाळूत बसल्या, तोंड पिशव्यांकडे, पाठ समुद्राकडे. आम्ही दुपार उलटेपर्यंत पाण्यात होतो. परत आलो तर सगळ्यांच्या चपला जोड्या लावून ओळीत ठेवलेल्या होत्या.

परतल्यावर माझ्याकडे फोटो बघायला सगळे जमले. बोरसे वहिनींनी सहज विचारलं, "अक्का, तुम्हाला कोणता समुद्र आवडला?"

अक्का देवपुरात चांगलं शुद्ध बोलतात. राग आला की मात्र माहेरच्या अहिराणीवर येतात. "माले काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मी त बठ्ठास्न्या चपला देख्यात."

सगळ्यांच्या चपला! आम्ही पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत. मान खाली घालून ते बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होते. पुढच्याच आठवड्यात ते जळगावला गेले आणि बसच्या टपावर बांधून खाटेएवढा कॅनव्हास घेऊन आले. ब्रश कसा धरतात हेही त्यांना माहीत नव्हतं. "सुरेखाताई," ते मला फाटकाशी म्हणाले, "मला हिला तो समुद्र दाखवायचाय. फोटोत तो येत नाही. हिने एकदा बघून 'हं' म्हटलं की झालं."

आणि अक्का त्या चित्राकडे बघेनात. हॉलमध्ये भिंतभर समुद्र, आणि त्या त्याच्यासमोरून धुण्याची बादली घेऊन अशा जायच्या की जणू तिथे कॅलेंडरही नाही.

तेलरंगात तेल घालतात एवढं नानांनी मोबाईलवर पाहिलं. कोणतं घालतात ते बघायचं राहिलं. त्यांनी घाण्यावरून ताजं शेंगदाण्याचं तेल आणलं आणि सढळ हाताने ओतलं. समुद्र वाळेना. महिना झाला, दोन झाले. मुंग्या क्षितिजावरून रांगेने चालायला लागल्या. उन्हाळ्यात कॅनव्हास तापला की तळणाचा वास आमच्यापर्यंत यायचा. माझ्या भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "शेजारी भजीचं दुकान आहे का?" मी हो म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. शेवटी एका ड्रॉइंगच्या सरांनी नानांना सांगितलं की जवसाचं तेल लागतं, शेंगदाण्याचं जन्मात वाळणार नाही. नानांनी अख्खा समुद्र खरवडून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग जबाब सुरू झाले. सहलीला आलेल्या प्रत्येकाला गाठून, "लाट फुटताना पांढरा रंग आधी कुठे दिसला?" बोरसे भाऊ म्हणाले, "सगळीकडेच होता की." "मोघम नको!" नाना लग्नाच्या मांडवात ओरडले. वरमाय वळून बघायला लागली. मी त्या मांडवात मुलाकडची होते, त्यामुळे लपायलाही जागा नव्हती. पांझरा नदीला पाणी सुटलं की नाना पुलाच्या कठड्यावर वाकून फेस बघत. एकदा ट्रॅफिक पोलिसाने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं आणि घरी फोन करायला लावला. अक्कांनी उचलला नाही, म्हणून माझा नंबर दिला. "आजोबांना घरात काही त्रास आहे का?" पोलिसाने विचारलं. काय सांगणार? "रंगाचा आहे," मी म्हटलं.

पोळ्याच्या सुमाराला चित्र पूर्ण झालं. नानांनी सहलीच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले होते, पण खरं सांगायचं तर चित्र वाईट नव्हतं. लाटा जरा शेताच्या सऱ्यांसारख्या सरळ आल्या होत्या. पण तो हिरवट निळा रंग तोच होता. बाजारातल्या पदराहून थोडा जास्त मोर.

बोरसे भाऊंनी चष्मा वर केला, खाली केला. "नाना, यात मी कुठंय?"

"तुम्ही नाही."

"आमची ही?"

"कोणीच नाही."

"अहो, अख्खी कॉलनी पाण्यात होती! सगळी बुडाली काय?"

सगळे हसले. तेवढ्यात अक्का चहाचा ट्रे घेऊन आल्या. बोरसे भाऊ म्हणाले, "अक्का, तुम्ही सांगा बुवा. बरोबर जमलाय का समुद्र?"

नानांनी ब्रश पाठीमागे लपवला, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. अक्कांनी चित्राकडे मानसुद्धा वळवली नाही. "चहा निवतोय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

नानांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. लोकांनी घाईघाईने चहा संपवला, कोणाला दवाखाना आठवला, कोणाला क्लास. मी मागे राहिले. कप उचलायला कोणीतरी हवं होतं.

मी स्वयंपाकघरात कप धूत होते. अक्का हॉलमध्ये सतरंजी गुंडाळत होत्या. नानांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"एकदा बघ ना गं. वाईट असेल तर वाईट म्हण."

"पाहिलंय मी. पहिल्या आठवड्यातच. फरशी पुसताना दिसत नाही होय?"

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही कोठे शेतस यामा?"

"यात मी कशाला? तू बसली होतीस ना, तिथून काढलाय. तू वळून पाहिलं असतंस, तर आम्ही सगळे मधे आलो असतो. म्हणून सगळ्यांना काढून टाकलं. तुला एकटीला सगळा दिसावा."

सतरंजीचा आवाज थांबला.

"एक डाव मी मुंडी फिराईसन देखं व्हतं," अक्का म्हणाल्या. मग आवाज उतरवून नेहमीच्या बोलीत म्हणाल्या, "तुम्ही पाण्यात काठी रोवत होता, पाटात रोवायचे तशी. लाट आली, काठी गेली, आणि तुम्ही बसले बदकन. मला वाटलं, आता चिडतील. तर हसायलाच लागले. एकटेच. तोंड उघडं टाकून. लग्न झाल्यापासून तुम्हाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग समुद्राकडे कोण बघतं?"

नानांनी ब्रश खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पण मला पाण्याची भीती वाटते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? माहेरच्या विहिरीत मी काठावरून उड्या मारायचे."

मग नाना म्हणाले, "तुला विचारायला पाहिजे होतं."

"हो," अक्का म्हणाल्या. "पाहिजे होतं."

जाऊ द्या म्हणाल्या नाहीत. झालं गेलं म्हणाल्या नाहीत. माझ्या हातातला कप हातातच राहिला. मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"इथं काढा. या लाटेच्या अलीकडे."

"मला माणसं काढता येत नाहीत गं."

"पाण्यात बसलेला माणूस दगडासारखाच दिसतो. आधी दगड काढा. मग त्याला हसवा."

नानांनी जोरात नाक ओढलं. ते हसू होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही, आणि कळू नये असंच वाटलं. त्या घरात मी आहे हे दोघंही विसरली होती. मी नळ पूर्ण सोडला आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले.